विश्लेषण : घरबसल्या ‘फिजिशियन असिस्टंट’ होता येते का?

बारावीचा निकाल लागतो, ‘नीट’चे गुण हाती येतात आणि एमबीबीएसचे दार बंद झाल्याचे घरात सगळ्यांना कळते. नेमक्या त्याच आठवड्यांत मोबाइलवर जाहिरातींचा मारा सुरू होतो. ‘नीट नको, कॉलेजला जायला नको, नोकरी सांभाळून पदवी, थेट डॉक्टरांबरोबर काम’ असा त्यांचा साधारण सूर असतो. अभ्यासक्रमाचे नावही भारदस्त असते : फिजिशियन असिस्टंट. अमेरिकेत या पदाला मान आहे, पगार चांगला आहे, हे खरे. भारतातही मोठ्या रुग्णालयांत असे सहायक काम करतात, हेही खरे. मात्र दूरशिक्षणाने, म्हणजे ‘डिस्टन्स’ने, हे शिक्षण घेऊन भारतात या पदावर अधिकृतपणे उभे राहता येते का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हे उत्तर नवे नाही; पण २०२५ मधील एका निर्णयानंतर ते आणखी स्पष्ट झाले आहे.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे नेमके कोण?

डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णसेवेचा काही भाग सांभाळणारी प्रशिक्षित व्यक्ती, ही त्याची सोपी व्याख्या. रुग्णाची पूर्वपीठिका विचारून नोंदवणे, प्राथमिक तपासणी करणे, वॉर्डात डॉक्टरांबरोबर आणि त्यांच्या आधी राउंड घेणे, तपासण्यांचे अहवाल गोळा करून त्यातले बिघडलेले आकडे डॉक्टरांच्या नजरेस आणणे, डिस्चार्जचा सारांश तयार करणे, नातेवाइकांना पुढची काळजी समजावणे, अशी ही कामे. शस्त्रक्रिया विभागात जबाबदारी आणखी वाढते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायातील शीर काढून ती हृदयाकडे रक्त नेण्यासाठी वापरली जाते. अनेक हृदयरोग केंद्रांत ही शीर काढण्याचे काम प्रशिक्षित फिजिशियन असिस्टंट करतात. शीर ओढली गेली, तिला चिमटा बसला, तर त्याचा त्रास रुग्णाला पुढे सोसावा लागू शकतो. म्हणजे हे काम फाइली उचलण्याचे नाही.

तरीही हा सहायक डॉक्टर नसतो. त्याला भारतात स्वतंत्रपणे दवाखाना थाटता येत नाही, स्वतःच्या नावाने औषधे लिहून देता येत नाहीत. तो परिचारकही नसतो. नर्सिंगची शिक्षणपद्धती, परिषद आणि नोंदणी वेगळी आहे. आपल्याकडे ‘कंपाउंडर’ हा शब्द सगळ्यांना कळतो, त्यामुळे गावाकडे ‘शिकलेला कंपाउंडर’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती चुकीची आहे, आणि या चुकीच्या ओळखीचा फायदा जाहिराती घेतात.

ही संकल्पना आली कुठून?

अमेरिकेतून. १९६०च्या दशकात तिथे ग्रामीण आणि गरीब वस्त्यांत डॉक्टर मिळत नव्हते. दुसरीकडे नौदलातून परतलेले वैद्यकीय सहायक होते. युद्धभूमीवर जखमींवर उपचार केलेली ही माणसे नागरी जीवनात मात्र कोणत्याच वैद्यकीय पदासाठी पात्र ठरत नव्हती. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठाचे डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये अशा चौघांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला. त्यातले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाचा ‘मेडेक्स’ कार्यक्रम आला आणि देशभर हा पेशा रुजला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पहिल्या तुकडीतली माणसे शिकायला आली तेव्हाच त्यांच्या हाताला रुग्णांची सवय होती.

भारतात ही कल्पना १९९२ मध्ये चेन्नईत आली. डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रास मेडिकल मिशनमध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू केला. हे तेच डॉ. चेरियन, ज्यांनी १९७५ मध्ये भारतातील पहिली कोरोनरी बायपास शस्त्रक्रिया केली. हृदय शस्त्रक्रियेच्या विभागाची गरज म्हणून हा पेशा इथे जन्माला आला, हे ध्यानात ठेवले तर त्याचे शिक्षण रुग्णालयाच्या भिंतींआत का होते, हे वेगळे सांगावे लागत नाही. नंतर तो दक्षिणेतील राज्यांत अधिक पसरला. महाराष्ट्रातील विद्यार्थी चेन्नई, कोची किंवा बेंगळुरूची चौकशी करताना दिसतात ते त्यामुळेच.

भारतात त्यासाठी काय शिकावे लागते?

बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झाल्यावर पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. बहुतेक ठिकाणी तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी त्याची रचना असते. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. नंतर औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. आणि मग मेडिसिन, सर्जरी, हृदयरोग, मूत्रपिंडविकार, अतिदक्षता अशा विभागांतली फिरती. पदवीनंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही काही ठिकाणी आहे.

अनेक वर्षे या पेशाला देशपातळीवर नियामकच नव्हता. कोणी डिप्लोमा देई, कोणी पदवी देई, कुठे दोन वर्षे तर कुठे चार. हा गोंधळ मिटवण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा’ केला. त्याच्या परिशिष्टात दहा गट आहेत आणि त्यापैकी एका गटाच्या नावातच ‘फिजिशियन असोसिएट’ हा शब्द आहे. ‘असिस्टंट’ आणि ‘असोसिएट’ यांत गोंधळून जाऊ नये, पेशा तोच. अमेरिकेतील संघटनेने २०२१ मध्ये ‘असोसिएट’ हे नाव स्वीकारले. ब्रिटनमध्ये उलटे घडले. तिथे ‘असोसिएट’ या शब्दामुळे रुग्णांना समोरची व्यक्ती डॉक्टरच वाटते, अशी तक्रार वाढली आणि जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या समीक्षेने पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणावे अशी शिफारस केली. भारताच्या कायद्यात सध्या ‘असोसिएट’ आहे.

या कायद्यातली दोन कलमवजा वाक्ये विद्यार्थ्यांनी पाठ करावीत अशी आहेत. ‘संबद्ध आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायचे तर किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांत विभागलेले शिक्षण हवे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणवून घ्यायचे तर किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत विभागलेले पदवी शिक्षण हवे. आता साधा हिशेब करू. ‘दर रविवारी संपर्कवर्ग’ असे सांगणाऱ्या केंद्रात रविवारी सहा तास शिकवले जाते असे मानले, तर २,००० तासांना सुमारे ३३३ रविवार लागतात, म्हणजे सहा वर्षांहून अधिक. ३,६०० तासांना ६०० रविवार, म्हणजे साडेअकरा वर्षे. आणि हे एकही रविवार न चुकवता, दिवाळीसकट.

दूरशिक्षणाला बंदी केव्हापासून?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, मुक्त-दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाबाबतचे नियम २०२० मध्ये लागू झाले. कोणते विषय या पद्धतीने शिकवताच येणार नाहीत, याची यादी त्यात आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, इतर पॅरामेडिकल विद्याशाखा, वास्तुकला, विधी, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट असे विषय त्या यादीत येतात. फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण रुग्णालयातील असल्याने ते या मनाईच्या कक्षेबाहेर असण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही फटी होत्या. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान हे विषय कला किंवा विज्ञान पदवीच्या पोटात दूरशिक्षणाने शिकवले जात होते. २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत येणारे असे विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत, अशी भूमिका यूजीसीने २०२५ मध्ये घेतली आणि जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून त्यांचे प्रवेश बंद करण्यास संस्थांना सांगितले. एखाद्या बी.ए.मध्ये अनेक विषय असतील, तर त्यातला फक्त आरोग्यसेवेशी संबंधित विषय काढायचा आणि बाकी पदवी सुरू ठेवायची, असा हा निर्णय आहे. मानसशास्त्रासारख्या, पुस्तकांतून बऱ्यापैकी शिकता येणाऱ्या विषयालाही जिथे ही कात्री लागली, तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहण्याच्या शिक्षणाला सवलत मिळेल असे मानण्यास जागा नाही.

इथे जाहिरातींतला एक चतुर मुद्दा समजून घ्यायला हवा. ‘दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे यूजीसीनेच म्हटले आहे,’ असे प्रवेश सल्लागार सांगतात. वाक्य खोटे नाही. २०२२ मध्ये यूजीसीने तसे स्पष्ट केले आहे. पण ते लागू होते ज्या अभ्यासक्रमांना दूरस्थ पद्धतीची मान्यता आहे त्यांनाच. बी.कॉम.ला ते लागू आहे, एम.ए. मराठीला आहे. ज्या विषयाला मान्यताच नाही, त्याची ‘बरोबरी’ कशाशी करणार?

मग अमेरिकेत ऑनलाइन कसे चालते?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, कारण इंटरनेटवर शोध घेतला की येल विद्यापीठाचे नाव समोर येते. येल स्कूल ऑफ मेडिसिनने २०१८ मध्ये ‘पीए ऑनलाइन’ नावाचा अभ्यासक्रम खरोखरच सुरू केला. नॉर्थ डकोटा विद्यापीठातही वर्गातला बराच भाग दूरस्थ पद्धतीने शिकवला जातो. पण ‘ऑनलाइन’ या शब्दाआड काय आहे, ते पाहावे.

येलचा अभ्यासक्रम २८ महिन्यांचा, पूर्णवेळ आणि पदव्युत्तर आहे. आधी पदवी लागते. त्यातला पुस्तकी भाग ठरलेल्या वेळेच्या थेट वर्गांतून शिकवला जातो, मनाला येईल तेव्हा पाहायचे व्हिडिओ एवढेच त्याचे स्वरूप नाही. मधून मधून विद्यार्थ्यांना कॅम्पसवर बोलावले जाते. आणि त्यानंतरचे प्रत्यक्ष रुग्णांमधील प्रशिक्षण रुग्णालयांत आणि क्लिनिकमध्ये, देखरेखीखाली, हजर राहूनच करावे लागते. अमेरिकेत अशा प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे साधारण २,००० तास धरले जातात. थोडक्यात, घरी होतो तो व्याख्यानांचा भाग. टाके घालायला, फुप्फुसांचा आवाज ऐकायला आणि मृत्यूची बातमी नातेवाइकांना सांगायला शिकण्यासाठी रुग्णालयातच जावे लागते.

त्यातही येलला ही परवानगी सहज मिळाली नव्हती. २०१५ मध्ये विद्यापीठाने घोषणा केली तेव्हा, हा आपल्या आधीच्याच अभ्यासक्रमाचा विस्तार आहे असे त्याचे म्हणणे होते. या क्षेत्राच्या मानांकन संस्थेने, ‘एआरसी-पीए’ने, ते मान्य केले नाही. नवा अभ्यासक्रम म्हणून पुन्हा सगळी प्रक्रिया पार पाडावी लागली. येलसारख्या विद्यापीठाला जिथे रांगेत उभे राहावे लागले, तिथे ‘आमची आंतरराष्ट्रीय संलग्नता आहे’ म्हणणाऱ्या दोन खोल्यांच्या केंद्राची गोष्टच सोडा.

अमेरिकेत दूरशिक्षण खऱ्या अर्थाने रुळले ते दुसऱ्याच गटासाठी : जे आधीच परवानाधारक पीए आहेत त्यांच्यासाठी. पूर्वी प्रमाणपत्र किंवा साधी पदवी घेऊन कामाला लागलेल्यांना पुढे पदव्युत्तर पदवीची गरज भासू लागली. त्यांच्यासाठी नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रासारख्या संस्थांनी दूरस्थ पद्धतीचे पदव्युत्तर शिक्षण उघडले. हाताचे कौशल्य आधीच होते. त्यावर संशोधन, व्यवस्थापन, एखाद्या शाखेतले सखोल ज्ञान अशी भर घालायची होती. ‘पीए होण्यासाठी’ आणि ‘पीए झाल्यावर’ या दोन गोष्टींतला फरक भारतातील जाहिरातींत सोयीस्करपणे पुसला जातो.

भारतातून शिकून परदेशी जाता येईल का?

अमेरिकेत पीए म्हणून परवाना मिळवण्यासाठी ‘पॅन्स’ ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि तिला बसण्यासाठी ‘एआरसी-पीए’चे मानांकन असलेल्या अमेरिकी अभ्यासक्रमातूनच उत्तीर्ण व्हावे लागते. त्यामुळे भारतातील नियमित, उत्तम पदवीसुद्धा थेट चालत नाही. दूरस्थ पदवी तर दूरच. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२४ पासून हा पेशा जनरल मेडिकल कौन्सिलच्या नियमनाखाली आला आहे आणि सध्या तिथे या पदाच्या कामाच्या मर्यादांवरूनच मोठा वाद सुरू आहे. परदेशी नोकरीचे स्वप्न दाखवून शुल्क वाढवणाऱ्यांना एवढे दोन मुद्दे विचारले तरी पुरे.

‘रुग्णसहायक’ आणि ‘जीडीए’ म्हणजे हेच का?

नाही, आणि इथेच सर्वाधिक फसगत होते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा ‘रुग्णसहायक’ हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम महाराष्ट्रात परिचित आहे. तसेच कौशल्य विकास योजनांतून ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ म्हणजे जीडीए घडवले जातात. दोन्हींचा उद्देश प्रामाणिक आहे : रुग्णाला उठवणे-बसवणे, अंघोळ, स्वच्छता, तापमान व नाडीची नोंद, खाटेजवळची शुश्रूषा. वृद्धांची संख्या वाढत असताना या कामाला मागणीही आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण हे फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण नव्हे. ‘पेशंट असिस्टंट’ आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ ही दोन नावे फोनवर भराभर उच्चारली, की ऐकणाऱ्याला एकच वाटतात. पहिल्यात रुग्णाचा सहायक आहे, दुसऱ्यात डॉक्टरचा. प्रमाणपत्र हाती येते तेव्हा फरक कळतो.

गंमत म्हणजे, राज्याचे मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, ही दोन्ही नाशिकमध्येच आहेत. ‘नाशिकच्या विद्यापीठाची मान्यता’ एवढेच सांगितले, तर कोणते विद्यापीठ ते विचारणे आवश्यक आहे.

चुकीची पदवी घेतली तर काय होते?

पहिला फटका नोंदणीचा. २०२१ च्या कायद्यानुसार राज्य परिषदा आणि नोंदवह्या तयार करायच्या आहेत. अनेक राज्ये या कामात रेंगाळली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालून दोन महिन्यांत अंमलबजावणी करा असे सांगावे लागले. आजही परिस्थिती सगळीकडे सारखी नाही आणि या अर्धवट काळाचा फायदा घेणारे आहेत. ‘अजून नोंदणी सक्तीची झालेली नाही, तोवर पदवी घेऊन ठेवा’ हा सल्ला दिला जातो तो याच आधारावर. पण व्यवस्था बसत जाईल तसतशी मोठी रुग्णालये नोंदणी क्रमांक मागणार, हे उघड आहे. आयोगाने २०२५ मध्ये फिजिशियन असोसिएटसह दहा व्यवसायांसाठी एकसमान अभ्यासक्रम जाहीर केले आहेत. पुढची तुलना त्यांच्याशी होईल.

न्यायालयात दाद मागू, असे म्हणणाऱ्यांसाठी अभियांत्रिकीचे उदाहरण आहे. चार अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेशिवाय पत्राद्वारे अभियांत्रिकी पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या निलंबित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देऊन त्या वाचवण्याची संधी मिळाली. त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. तोपर्यंत त्यातले अनेक जण सरकारी नोकरीत होते, पदोन्नती मिळवून बसले होते. चाळिशीत, मुले शाळेत असताना, त्यांना पुन्हा परीक्षेचा विचार करावा लागला.

वैद्यकीय शिक्षणातही असेच घडले. करोना आणि युद्धामुळे चीन व युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटचा टप्पा ऑनलाइन पूर्ण केला. त्यांची काहीच चूक नव्हती. तरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये त्यांच्यासाठी एक वर्षाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप ठरवली. कारण प्रत्यक्ष रुग्णांजवळचे तास कुठे तरी भरून निघायला हवे होते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. असे प्रमाणपत्र घेतलेला तरुण रुग्णालयात नोकरी मिळत नाही म्हणून गावात परततो आणि ‘फिजिशियन’ एवढाच शब्द ठळक करून पाटी लावतो. नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याने प्रमाणपत्र विकले तो त्या पाटीखाली नसतो. आणि चुकीचे इंजेक्शन टोचले गेलेला रुग्ण या साऱ्या चर्चेत कुठेच नसतो, हे तर त्याहून वाईट.

मग जवळ कॉलेज नसलेल्यांनी काय करायचे?

बंदी योग्य असली, तरी तिच्यामुळे एक प्रश्न अनुत्तरितच राहतो. नंदुरबार, गडचिरोली किंवा हिंगोलीतल्या मुलीला चेन्नईत चार वर्षे राहण्याचा खर्च झेपत नाही. दहा वर्षे ओटी टेक्निशियन म्हणून राबलेल्या माणसाला नोकरी सोडून पुन्हा पहिल्या वर्षात बसता येत नाही. अमेरिकेतील पहिली तुकडी अशाच अनुभवी माणसांची होती, हे इथे आठवते. जिल्हा रुग्णालयांना आणि नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून, पुस्तकी भाग ऑनलाइन आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयात, अशी रचना करणे अशक्य नाही. पण ती नियामकाने आखायची, तासांची नोंद आणि परीक्षकांची हजेरी यांसह. आज तशी सोय नसल्याने ती जागा दलालांनी भरली आहे.

तोवर दूरशिक्षणाचा उपयोग कुठे होतो, तेही पाहावे. नियमित पदवी घेऊन काम करणाऱ्या पीएसाठी रुग्णालय व्यवस्थापन, संशोधन पद्धती, जैवसांख्यिकी असे विषय या मार्गाने शिकणे फायद्याचे आहे. ‘स्वयम’ या सरकारी मंचावर यातले काही विनामूल्य ऐकता येते. प्रशासनाकडे वळायचे असेल तर अशा अभ्यासक्रमांचे मोल आहे. फक्त त्यातून रुग्णाला हात लावण्याचा अधिकार मिळत नाही.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

सर्वांत आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डीईबी’च्या, संकेतस्थळावर जाऊन त्या वर्षासाठी त्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमांना मान्यता आहे ते पाहावे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रचालक पहिलीचे पत्र दाखवून दुसरीचे पैसे घेतात. २०२४ पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घेणाऱ्याला स्वतःचा ‘डीईबी आयडी’ काढावा लागतो. ‘त्याची गरज नाही, आम्ही मागच्या तारखेने बसवून देतो’ असे कोणी म्हटले, तर तिथेच उठावे. फ्रँचायझी पद्धतीने पदवी शिक्षण चालवायला यूजीसीची मनाई आहे, हेही माहीत असावे.

अभ्यासक्रम नियमित आहे असे सांगितले जात असेल, तर प्रश्न बदलतात. महाविद्यालय राज्यातले असेल तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की अभिमत अथवा खासगी विद्यापीठाचे? नव्या अभ्यासक्रमासाठी राज्य परिषदेची पूर्वपरवानगी कायद्याने लागते. ती आहे का? प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या, आणि कोणत्या विभागांत होणार? शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला त्या रुग्णालयाच्या दारात गाठून दहा मिनिटे बोलले, तर माहितीपत्रकात नसलेले बरेच काही कळते. वर्षभर ज्याला फक्त नोंदणी खिडकीवर बसवले, तो तसे सांगतोच.

पैसे आधीच भरले असतील, तर पावती, माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण आणि यूपीआयच्या व्यवहारांच्या नोंदी जपून ठेवाव्यात. शुल्क परत मागणारा अर्ज संस्थेकडे लेखी द्यावा, तोंडी नाही. यूजीसीच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला केंद्राने ‘जमा’ करून घेतला असेल, तर पैशांच्या आधी तो परत मागावा. तो अडकला की पुढच्या कोणत्याही प्रवेशाची मुदत हातची जाते.